तळ्याला वळसा

हल्ली कुणीही भेटलं की मला बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मधुवंती, अनघाचं काही बिनसलंय का गं? परवा हॉलमध्ये सगळ्यांसमोर नवऱ्याला असं बोलली ती!" बिनसलंय कसलं डोंबल! ऐकायचं असेल तर नीट ऐका. मात्र पहिल्यापासून सांगणार, आणि मध्ये कुणी "प्रबोधचीही काही बाजू असेल ना" म्हणालं तर तिथंच उठून जाईन. प्रबोधची बाजू प्रबोध गेली कित्येक वर्षं मांडतोच आहे, तीही माइक हातात घेऊन.

अनघा मूळची बारामतीची. पुण्यात कॉलेजात भूगोल शिकवायची. शनिवारी वर्ग संपला की पाठीवर सॅक टाकून निघायची, ती रविवारी रात्री चिखलानं माखून घरी. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर पोट टेकून खाली बघतानाचा तिचा एक फोटो आहे. लग्नानंतर प्रबोधला इथं नोकरी लागली, त्याला एम्प्लॉयमेंट पास मिळाला आणि हिला डिपेंडंट पास. म्हणजे काय, तर नवऱ्याची नोकरी आहे तोवर तुम्ही या देशात. स्वतः काम करायचं तर वेगळा परवाना, आणि भूगोलाच्या मराठी बाईसाठी तो कोण काढून देतंय? दोन-तीन ठिकाणी विचारलं, मग विचारायचं सोडलं.

तेव्हापासून सेम्बावांगचा तो फ्लॅट आणि ती. मुलगी गार्गी लहान होती, तिची शाळा. मग सासूबाई तीन महिने, दीर-जाऊ आठवडाभर, प्रबोधच्या बॉसच्या मेव्हण्याला चांगी विमानतळावरून आणायचं, कुणाच्या तरी आई-वडिलांना बर्ड पार्क दाखवायचं. "अनघा आहे ना" हे वाक्य मी आमच्या गोतावळ्यात इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. अहो, अनघा आहे, पण ती काही महानगरपालिका नाही!

आम्हा दोघींची मैत्री झाली ती चिडचिडीतून. मी राहते वुडलँड्सला, तोआ पायोहला एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करते. पास माझा स्वतःचा, पगार माझा स्वतःचा, त्यामुळे जीभही माझी स्वतःची. माझा नवरा मुकुल प्रबोधच्याच ऑफिसात. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जेवण असायचं. पुरुष बाहेर बसून क्रिकेटवर बोलायचे, आम्ही आत पुऱ्या तळायचो. अशाच एकदा पुऱ्या तळताना ती म्हणाली, "मधू, न्यूझीलंडला एक तळं आहे. काठानं सगळं रान आहे. चार दिवस चालायचं, रोज रात्री एका झोपडीत मुक्काम. मला एकदा तिथं जायचंय."

"मग जा की."

"तीनदा ठरलं," ती म्हणाली. "एकदा प्रबोधच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची रिलीज आली, एकदा सासूबाई आल्या, आणि एकदा प्रबोध म्हणाला, नंतर बघू."

नंतर बघू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच झारा खाली ठेवला आणि म्हटलं, "या वेळी मी येते. बघू कोण नंतर बघतंय ते."

आम्ही दोघी जाणार म्हटल्यावर लगेच ते दोघंही तयार झाले. "बायका एकट्या कशा जाणार?" प्रबोध म्हणाला. काय सांगू, त्या क्षणी त्याला नको म्हणायला हवं होतं. पण अनघाचा चेहरा असा उजळला होता, की मी गप्प बसले. तिला नवऱ्याबरोबर जायचं होतं हो! एवढं सगळं होऊनही त्याला ते तळं दाखवायची हौस होती तिला.

मग तिची तयारी सुरू झाली. आठवड्यातून तीनदा मॅक्रिचीच्या जलाशयाला फेरी. काठाकाठानं लाकडी वाट, डोक्यावर दाट झाडी, घामानं कपडे पिळून निघायचे, वर माकडं पिशवीकडे टक लावून बसलेली. सॅकमध्ये तांदळाची दहा किलोची अख्खी गोणी टाकून ती चालायची. इतर दिवशी तीच गोणी घेऊन स्वतःच्या ब्लॉकचे जिने चढायची. शेजारची चिनी आजी दार उघडून रोज विचारायची, "लिफ्ट स्पॉइल आ?", म्हणजे लिफ्ट बिघडलीय का, आणि गार्गी मान खाली घालून म्हणायची, "आई, सो पासे लाह, एव्हरीवन लुकिंग." पासे म्हणजे इथल्या बोलीत लाज आणणारं. एव्हरीवनला बघू दे, अनघा म्हणायची, आणि पुढचा जिना.

प्रबोध आणि मुकुल मॅक्रिचीला दोनदा आले. अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बसून रोटी प्राता खाल्ला. नवीन बूट घेतले होते, ते प्रबोधनं खोक्यातच ठेवले, मळतील म्हणून.

त्या झोपड्यांमध्ये काही मिळत नाही, हे आधी समजून घ्या. फळ्यांवर गाद्या, लाकडाची शेगडी उबेला, पावसाचं पाणी साठवलेली टाकी, बस. स्वयंपाकाची चूल, गॅस, भांडी, शिधा, सगळं आपलं आपण पाठीवर न्यायचं. अनघानं महिनाभर ओव्हन मंद ठेवून मटकीची उसळ वाळवली, डाळ शिजवून वाळवली, कोबीची भाजीसुद्धा वाळवली. नुसतं गरम पाणी ओतलं की तयार. तिखट-मिठाच्या पुड्या, मेतकूट, भाजलेल्या रव्याची पिशवी. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या हॉलमध्ये चार सॅक आडव्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "चला, शिधा चौघांत वाटून घेऊ."

"कशाला?" प्रबोध म्हणाला. "खाण्याचं सगळं एका ठिकाणी असलेलं बरं. तुम्हालाच माहीत ना कुठं काय आहे ते."

मुकुलनं मान हलवली. माझं रत्न! आणि बघता बघता सगळा शिधा, चूल, गॅस, पातेली आम्हा दोघींच्या पाठीवर. त्यांच्या सॅकमध्ये काय? कॅमेरा, तिवई, तीन पॉवर बँका, झोपायची पिशवी आणि प्रबोधची उशी. हवेची नव्हे, घरची उशी! आपल्याकडे सहलीला निघताना डबा कुणाच्या पिशवीत असतो, हे कधी कुणी ठरवतं का? तो असतोच बाईच्या पिशवीत. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना चालतं ते. पुढचं दुकान दोन मिनिटांवर असतं.

न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ आणि चिखलाचे बूट दाखवावे लागतात. अनघानं चौघांचे बूट टूथब्रशनं घासून नेले होते, प्रबोधचे कोरे करकरीतसुद्धा. रांगेत आमच्या पिशव्या उघडायला लागल्यावर हे दोघं "आमच्याकडे काही नाही" म्हणून शेजारच्या रांगेतून सुटले, आणि पलीकडे कॉफी पीत उभे. ती बिचारी तिथल्या अधिकारी बाईला मेतकूट म्हणजे काय ते समजावत होती. पाऊण तास. मी मध्ये दोनदा वळून नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं कप खाली ठेवला.

पहिल्या दिवशी सगळी चढणच. एका बाजूला कडा, खाली खोल तळं, आणि झाडांवर इतकं शेवाळ की खोड दिसत नव्हतं. प्रबोध हलक्या सॅकनं पुढं, फोटो काढत. मागं वळून म्हणायचा, "काय, दमलात?" वरच्या झोपडीत पोचलो तर हे बाकावर बसून चहाची वाट बघतायत. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं तिथलंच. म्हातारा सूप ढवळत होता, म्हातारी पाय वर करून पुस्तक वाचत होती. मी मुकुलला डोळ्यानं दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे ना?" छान आहे! अनघानं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी पाऊस. वाट उतरत तळ्याच्या काठाला येते. मुळं, चिखल, घसरण. प्रबोधचे कोरे बूट चावायला लागले. दोन्ही टाचांना फोड आले, आणि ते मात्र खरे होते, नाही म्हणत नाही. अनघानं वाटेत खाली बसून, चिखलात गुडघे टेकून त्याच्या टाचांना पट्ट्या लावल्या. संध्याकाळी दुसऱ्या झोपडीत पोचलो. समोरच धक्का, तिथं बोलावली तर बोट येते.

सकाळी उठलो तर पाऊस थांबलेला, तळं अगदी काचेसारखं. अनघा खिडकीशी उभी होती. चहा झाला, आणि प्रबोध म्हणाला, "मी रेंजरशी बोललोय. बोट उद्या दुपारी येईल. आपण चौघंही परत जातोय."

त्यानं विचारलं नाही बरं का. सांगितलं.

अनघा झोपायची पिशवी गुंडाळत राहिली.

"अनघा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुझे पाय खरंच सोललेत, तू बोटीनं जा. आराम कर. मी पुढं जाते."

"एकटी? वेड लागलंय का? काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तू कशी जबाबदार? मला उत्तरं द्यावी लागतील. घरी लोक काय म्हणतील, बायकोला रानात सोडून आला?"

"मी एकटी नाही, मधू येईल. वाट आखलेली आहे, माणसं आहेत, उद्या शेवटच्या टोकाला भेटू. प्रबोध, मला हे एवढं पुरं करू दे. तीनदा राहिलंय माझं."

इतकं मऊ बोलली हो ती! दगडाला पाझर फुटला असता. आणि या गृहस्थानं काय म्हणावं? चहाचा कप बाकावर आपटला आणि म्हणाला, "फार झालं. विसरू नकोस, तू माझ्या पासवर आहेस."

तिथं, न्यूझीलंडच्या रानात, त्या झोपडीत, म्हातारा-म्हातारी पाव खात बसलेले असताना. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळला असणार, दोघांचेही हात थांबले. मी उठले होते, तोंड उघडलं होतं, आणि काय काय बाहेर पडलं असतं देव जाणे. अनघानं मला हातानंच थांबवलं. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. बुटांच्या नाड्या बांधल्या, सॅक चढवली आणि दाराबाहेर पडली. मी मुकुलकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मी माझी सॅक उचलली आणि तिच्या मागं निघाले.

 ती अशी चालत होती की मला धाप लागली. डावीकडे तळं, उजवीकडे माणसाहून उंच नेचे, आणि कुठला तरी पक्षी मधूनच घंटेसारखा वाजायचा. शेवटी एका आडव्या ओंडक्यावर बसलो. मी शेंगदाण्याचे लाडू काढले, आणि एकदम माझ्या लक्षात आलं.

"अनघा," मी म्हटलं, "त्यांच्याकडे खायला काय आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या सॅककडे. चूल, गॅस, पातेली, डाळ, उसळ, भात, चहा, साखर, दूध पावडर. सगळं आमच्याकडे. आणि तिकडे उद्या दुपारपर्यंत दोन बाप्ये, तीन पॉवर बँका आणि एक उशी.

तिचा हात लाडवावरच थांबला. "त्याला पित्ताचा त्रास आहे गं. रिकाम्या पोटी डोकं चढतं त्याचं."

"चढू दे!"

"परत जाऊन निम्मं देऊन येऊ या का?"

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी तिच्यावरच ओरडले. "परत गेलीस तर तो तुला पुन्हा निघू देईल? सांग ना! आणि त्यानं सकाळपासून एकदा तरी विचार केला का गं, तू दोन दिवस काय उचलून नेत होतीस ते?"

ती तळ्याकडे बघत राहिली.  मग लाडू तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला, पाणी प्यायली. "झोपडीत माणसं आहेत," ती म्हणाली. "उपाशी नाही मरायचा. मागितलं तर देतील कुणीतरी. मागू दे." आणि उठली.

नंतर मुकुलकडून कळलं. संध्याकाळी आलेल्या एका जर्मन बाईनं त्यांना नूडल्सची पाकिटं दिली. शिजवायला भांडं नव्हतं, तेही तिचंच मागितलं. खायला चमचा नव्हता. मुकुल म्हणाला, "हातानं खाल्लं. फार लाजल्यासारखं झालं." निदान लाजला तरी! त्याचं एवढं एक बरं आहे.

शेवटच्या दिवशी वाट तळ्याला धरून वळत वळत जाते. धुकं पाण्यावर उतरलं होतं, मग उचललं गेलं. मी फोटो काढले, अनघाचे पाठमोरेच, कारण ती थांबतच नव्हती. शेवटचा झुलता पूल ओलांडल्यावर मात्र ती गवतात बसली आणि हमसाहमशी रडली. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "आनंदानं रडतेय गं, बस जरा." थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाली, "आणि रागानंसुद्धा."

गाडीपाशी दोघं उभे होते. प्रबोध म्हणाला, "झालं समाधान?" परतीच्या विमानात तो तिच्याशी बोलला नाही. घरी आल्यावर मात्र माझ्याकडून सगळे फोटो मागवून घेतले, आणि दोन दिवसांत ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, 'आमची तळ्याकाठची चार दिवसांची पायपीट. जमलं एकदाचं!' खाली अंगठे आणि टाळ्यांची रांग. अनघा म्हणाली, जाऊ दे. मी जाऊ दिलं. दात ओठ खात, पण दिलं.

मग आला तो हॉल. आपली मराठी मंडळी महिन्यातून एकदा कम्युनिटी क्लबची खोली घेऊन जमतात, तिथं कुणी गातं, कुणी प्रवासाबद्दल बोलतं. या वेळी प्रबोधचं अनुभवकथन. अनघानं सगळ्यांसाठी साबुदाणा वडे करून आणले होते. पडद्यावर फोटो दाखवायचे होते, आणि ऐन वेळी ते हातातलं बटणाचं यंत्र चालेना. "अनघा, तू लॅपटॉपशी बस," प्रबोध म्हणाला. "मी नेक्स्ट म्हटलं की फक्त पुढचा फोटो आण." ती बसली.

पहिला दिवस झाला. चढण, कडा, नेक्स्ट. दुसरा दिवस, पाऊस, चिखल, नेक्स्ट. मग दुसरी झोपडी. म्हणाला, "इथं आमच्या पायांची पार वाट लागली होती. पण आम्ही ठरवलं, काही झालं तरी हा वळसा पुरा व्हायलाच हवा. खाणं-पिणं सगळं बायकांकडे देऊन टाकलं. म्हटलं, आपलं काय, पुरुष माणसं, एखादा दिवस उपाशी राहू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी खुर्चीतून अर्धी उठले होते, मुकुलनं मनगट धरलं.

"नेक्स्ट," प्रबोध म्हणाला. पडद्यावर धुक्यातलं तळं आलं, माझ्या फोनवरचं. तो म्हणाला, "हा शेवटचा दिवस. त्या पहाटे मी वळणावर आलो, समोर हे असं धुकं, आणि मी जागच्या जागी थबकलो. नेक्स्ट."

फोटो बदलला नाही.

"अनघा, नेक्स्ट."

अनघानं लॅपटॉपवरून हात काढून मांडीवर ठेवला होता. "ते वळण तू पाहिलेलं नाहीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खोली छोटी होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "प्रबोध आणि मुकुल दुसऱ्या झोपडीतून बोटीनं परत गेले. पुढं मी आणि मधू गेलो. पुढचं मी सांगते."

प्रबोध हसला. लोकांकडे बघून म्हणाला, "चेष्टा करतेय." कुणी हसलं नाही. मग तो घाम पुसत पहिल्या रांगेत बसला. अनघा उभी राहिली आणि तिनं सांगितलं. ते नेचे, तो घंटेसारखा पक्षी, तो ओंडका, झुलता पूल. अहो, काय सांगितलं तिनं! वर्गात शिकवायची तेव्हा अशीच बोलत असणार. पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. दारात उभी असलेली गार्गी फोन खाली ठेवून आईकडे बघत राहिली. पासचं ती एक अक्षर बोलली नाही. मी बोलले असते, ती नाही बोलली.

टाळ्या झाल्या. आणि इथं खरं तर हे संपायला हवं होतं. पण आपली माणसं! आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे निशिकांतकाका उठले, अनघाच्या समोरून गेले, थेट प्रबोधपाशी, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "कमाल आहे हो तुमची. बायकोला असं रानात एकटीला जाऊ दिलंत. एवढं मोठं मन सगळ्यांचं नसतं."

आणि हा काय म्हणाला असेल? "मी कधी अडवतच नाही हो काका तिला."

अनघा वड्यांचं ताट घेऊन तिथंच उभी होती. तिनं ताट टेबलावर ठेवलं. "काका," ती म्हणाली, "यानं जाऊ दिलं नव्हतं. मी गेले."

 प्रबोधची मान खाली. निशिकांतकाकांनी तिच्याकडे बघितलं, प्रबोधकडे बघितलं, मग वड्यांकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "वड्यांबरोबर चटणी नाहीये का गं?"

अनघा खुर्ची ओढून बसली. आणि तिच्या बोलण्यावर आत्ताच टाळ्या वाजवलेल्या निम्म्या बायका चटणी आणायला उठल्या.